पंप रूममधला तो पाइप एकदा येऊन बघा : अग्निशमन विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य अग्निशमन अधिकारी, अपिलीय अधिकारी, आणि आमची फाइल ज्यांच्या ज्यांच्या टेबलावरून गेली ते सगळे,

साहेब, नमस्कार.

मी ५६ फ्लॅटच्या एका साध्या सोसायटीची सेक्रेटरी. मुंबईपासून दीड-दोन तासांवर, जिथे पंधरा-वीस वर्षांपूर्वी भातशेती होती आणि आता टॉवर आहेत, तिथे आमची १४ मजली इमारत आहे. नोकरी करते, घर बघते आणि उरलेल्या वेळात सोसायटीचं काम, बिनपगारी. हे पत्र उघड लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, कारण आधी तुम्हाला रीतसर नऊ पत्रं दिली, नऊच्या नऊ पोचपावत्या माझ्याकडे आहेत, उत्तर फक्त एकाचं आलं.

मागच्या महिन्यात पेपरात तुमच्या विभागाची जाहीर सूचना आली. अग्निसुरक्षेच्या बाबतीत धोकादायक आणि सहकार्य न करणाऱ्या इमारतींची यादी, आणि त्यात सातव्या नंबरला आम्ही. सकाळी दूध आणायला खाली उतरले तर वॉचमनने पेपर पुढे केला, म्हणाला, मॅडम आपलं नाव आलंय. त्याच आठवड्यात दोन भाडेकरूंनी घर सोडायची नोटीस दिली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांचा फ्लॅट विकायचा ठरला होता, मुलीच्या लग्नासाठी, त्या गिऱ्हाइकाचं होम लोन बँकेने थांबवलं. यादीत कुठेही लिहिलेलं नाही की या सोसायटीने १७ पैकी १२ कामं पूर्ण केलीत आणि उरलेल्या पाचांबद्दल हायकोर्टात याचिका चालू आहे. नुसतं "असहकार्य".

आणि गावात बोललं जातंय की हे लोक खर्च वाचवायला कोर्टात गेलेत, वेळ काढताहेत. तुमच्या ऑफिसातही एकाने मला तोंडावर हेच ऐकवलं. म्हणून सगळ्यांसमोर सांगते, आम्हाला फायर सेफ्टीतून एक रुपयाचीही सूट नकोय. आम्ही त्या आगीत होतो.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. दहावीची परीक्षा चालू, शेजारच्या मुलीचा सकाळी गणिताचा पेपर, त्यामुळे ती जागी होती आणि वास आधी तिला आला. रात्रीचे पावणेतीन. चौथ्या मजल्यावर इलेक्ट्रिक डक्टमध्ये केबल पेटली होती. डक्ट म्हणजे लिफ्टच्या बाजूचं ते उभं कपाट, मीटर रूमपासून गच्चीपर्यंत केबली जातात ते. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला ते आग न धरणाऱ्या मटेरियलने बंद केलेलं पाहिजे, नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये तसं स्पष्ट आहे, आमच्याकडे ते खालपासून वरपर्यंत एका मजल्यावरही बंद नव्हतं. चुलीच्या धुराड्यासारखं झालं. आग चौथ्यावर आणि आमच्या नवव्या मजल्यावर ट्यूब लावली तरी समोरचा दरवाजा दिसेना.

माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्यांना कसंबसं एक मजला उतरवून आठव्यावर आणलं, कारण मंजूर नकाशात तिथे रेफ्युज एरिया दाखवलाय, आग लागली की माणसांनी येऊन थांबायची मोकळी जागा. तिथे ग्रिल होतं आणि ग्रिलला कुलूप. बिल्डरने ती जागा शेजारच्या फ्लॅटला टेरेस म्हणून विकलेली, वर पत्र्याची शेड, आणि घरमालक गावाला. त्या कुलपापुढे आम्ही ओला टॉवेल तोंडाला लावून जिन्यात बसलो. सासूबाई रामरक्षा म्हणत होत्या आणि मध्येच खोकल्याने त्यांचं म्हणणं थांबायचं, तेवढ्या थांबण्याचीही मला भीती वाटायची.

खाली पाचव्या मजल्यावर माझे मिस्टर आणि आणखी तिघांनी लाल पेटी फोडून होज काढला. मेन स्विच तोवर बंद केला होता, पण डक्टबाहेर लोकांनी ठेवलेले चपलांचे स्टँड पेटले होते, त्यावर पाणी मारायचं होतं. (ते स्टँड तिथे असायला नको होते, ती आमची चूक, ती पुढे लिहितेच.) व्हॉल्व्ह फिरवला. आधी पाइपात खरखर झाली, मग तांबडं गंजाचं पाणी आलं, तांब्याभर असेल नसेल, आणि मग नुसती हवा. चार माणसं नोझल धरून उभी आणि त्यातून हवा येतेय.

तुमची गाडी सोळा मिनिटांत आली. शिडीची गाडी आत येऊच शकली नाही, कारण बाजूच्या सहा मीटरच्या मोकळ्या जागेत बिल्डरने दुसऱ्या फेजसाठी भिंत घातलीय. मग तुमची पोरं बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचं यंत्र, पाठीवर घेऊन जिन्याने धावत वर आली. त्यांच्यातल्या दोघांनी सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आठ मजले खाली आणलं. एकजण माझ्या मुलाच्या वयाचा असेल. खाली आल्यावर मास्क काढून त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी आधी त्यांना पाजलं, मग स्वतः प्यायला. चार जण धुरामुळे हॉस्पिटलात गेले, पण त्या रात्री आमच्याकडचं कुणी दगावलं नाही ते या पोरांमुळे. हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही हे त्यांनाही कळावं. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाच्या स्फोटात ६६ जवान गेले, त्यांच्या आठवणीत अख्ख्या देशात अग्निशमन दिन पाळतात. २०१५ च्या मे मध्ये काळबादेवीला गोकुळ निवासच्या आगीत मुंबईच्या दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. इमारतीतली यंत्रणा कागदावर असली की त्याची किंमत आधी तुमची माणसं मोजतात, मग आम्ही. म्हणून वाटतं की या विषयात तुमची आमची बाजू एकच असायला पाहिजे होती.

आता पंप रूम.

आगीनंतर आठवड्याभरात आम्ही बाहेरचा एक फायर कन्सल्टंट बोलावला. पंप रूम पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात, खाली उतरायला पाच पायऱ्या, ओल, एक पिवळा बल्ब. त्याने पंप चालू केला, पंप सुरू झाला, प्रेशर गेजचा काटाही वर गेला. तो म्हणाला पंप तर चांगलाय, मग पाणी जातंय कुठे. आणि मग टॉर्च मारत पंपाच्या पाइपामागोमाग गेला. पंपातून निघालेला लाल पाइप भिंतीलगत जातो, कोपऱ्यापर्यंत येतो आणि संपतो. त्याच्या तोंडाला लोखंडी झाकण, ब्लँक फ्लँज म्हणतात त्याला, आठ बोल्ट लावून घट्ट. तिथून साडेचार फुटांवर छतातून खाली आलेला दुसरा पाइप, जो वर चौदाव्या मजल्यापर्यंत जातो, राइझर. त्याच्याही तोंडाला तसंच झाकण. दोन पाइप एकमेकांकडे तोंड करून उभे आणि मध्ये साडेचार फूट रिकामं. बोल्टवर बिल्डरच्या वेळचाच लाल रंग, एकसंध, कुठेही पाना लागल्याची खूण नाही. कन्सल्टंट बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, ताई, हे कधी जोडलंच नव्हतं.

कधीच नव्हतं. २०१३ ला आम्ही राहायला आलो, म्हणजे ११ वर्षं आमची पोरं, म्हातारी माणसं, बाळंतिणी त्या इमारतीत झोपत होती आणि पेटीतला होज कशालाच जोडलेला नव्हता.

२०१३ ला तुमच्या विभागाने या इमारतीला फायनल फायर एनओसी दिली. त्यात यंत्रणा "पाहणी केली असता सुस्थितीत व कार्यान्वित आढळली" असं लिहिलंय. त्या एनओसीवर ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळाली, ओसीवर आम्हाला ताबा मिळाला, ताब्यावर बँकांनी लोन दिलं. आमच्यातल्या कुणाला पंप रूममधलं काय कळतं? शिक्षक, रेल्वेतले, एसटीतले, नर्सेस, अशी आमची माणसं. आम्ही तुमच्या सहीवर विश्वास ठेवून घर घेतलं. आणि आगीनंतर नवव्या दिवशी जी नोटीस आली ती आम्हाला. १७ त्रुटी, ३० दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर पाणी आणि वीज तोडू आणि चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार यांच्यावर खटला. आमचे खजिनदार ७२ वर्षांचे आहेत साहेब, बायपास झालेली, त्या नोटिशीनंतर पंधरा दिवस ते रात्री झोपले नाहीत, शेवटी मुलाने राजीनामा द्यायला लावला. बिल्डरला नोटीस नाही. त्याच बिल्डरच्या नव्या दोन टॉवरना मात्र त्याच वर्षी तुमच्या विभागाची एनओसी मिळाली.

आमच्या तक्रारी काय आहेत त्या एकेक करून सांगते, कारण अपिलाच्या सुनावणीत मला पूर्ण बोलू दिलं गेलं नाही.

पहिली, रेकॉर्डची. २०१३ ची पाहणी कोणी केली, कुठल्या तारखेला, कोणत्या मजल्यावर पाणी काढून बघितलं, प्रेशर किती आलं, एवढंच मी माहिती अधिकारात विचारलं. ३० दिवसांत द्यायचं उत्तर ४७ व्या दिवशी आलं, "सदर अभिलेख आढळून येत नाही". अहो, ५६ कुटुंबांच्या जिवाचा कागद आढळून येत नाही? सार्वजनिक अभिलेख सांभाळायचा राज्यात २००५ चा कायदा आहे. आमच्याकडे पाण्याच्या बिलाची २०१३ ची पावतीसुद्धा सापडते.

दुसरी, जबाबदारीची. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६, हा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून लागू आहे, कलम ३ प्रमाणे मालक किंवा भोगवटादाराने यंत्रणा बसवायची आणि सांभाळायची. हे आम्ही मान्य करतो. पण सांभाळायचं ते असलेलं ना? जे कधी जोडलंच नव्हतं ते आम्ही सांभाळलं नाही असं कसं म्हणता? १७ पैकी ११ त्रुटी मूळ बांधकामातल्या आहेत, डक्ट बंद नसणं, पाइप न जोडणं, रेफ्युज एरिया विकणं, सहा मीटरची जागा अडवणं. या कुठल्याही गोष्टी आमच्या ताब्यानंतर झालेल्या नाहीत. लोक म्हणतात रेरात जा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या बिल्डरविरुद्धच्या तक्रारी ऐकतात तिथे, पण रेरा आला तोवर आमची इमारत होऊन बिल्डर मोकळा झाला होता.

तिसरी, अपिलाची, आणि कोर्टात जायचं खरं कारण हेच. कायद्याने अपील दिलंय म्हणून आम्ही अपील केलं. ४२ पानं, फोटो, कन्सल्टंटचा रिपोर्ट, पंप रूमचा व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये. साडेचार महिन्यांनी सुनावणी लागली, त्या दिवशी मी रजा काढली, सकाळी साडेदहापासून बाहेर बाकावर बसले, चारला नाव पुकारलं. सात मिनिटं. पेन ड्राइव्ह लावायला तिथे कॉम्प्युटर नव्हता. मी म्हटलं साहेब, मोबाइलवर दाखवते, त्यावर साहेब म्हणाले, लेखी दिलंय ना, बघतो आम्ही. आणि ऑर्डर आली ती अशी, "अपिलार्थीचे म्हणणे ऐकले. अपिलात तथ्य आढळून येत नाही. सबब अपील फेटाळण्यात येत आहे." संपलं. पाइपाबद्दल शब्द नाही, रेफ्युज एरियाबद्दल शब्द नाही, ११ त्रुटी कुणाच्या यावर शब्द नाही. तथ्य आढळलं नाही तर का आढळलं नाही? आम्ही खोटं बोलतोय असं वाटलं असेल तर तसं लिहायचं होतं, निदान काय खोडून काढायचं ते आम्हाला कळलं असतं. अपिलावर निर्णय देताना कारणं द्यावी लागतात हे सुप्रीम कोर्टाने कितीतरी वेळा सांगितलंय, २०१० च्या क्रांती असोसिएट्सच्या निकालात तर मुद्देवार सांगितलंय. हे सगळं मला वकिलांनी समजावलं, मी कायदा शिकलेली नाही, पण कारण मागणं ही गोष्ट कळायला कायदा शिकावा लागत नाही.

चौथी. आम्ही घटनेच्या २२६ कलमाखाली याचिका केली, त्यावर तुमचं प्रतिज्ञापत्र आलं आणि त्यात पहिल्यांदाच म्हटलंय की पाइप बहुधा सोसायटीनेच नंतरच्या दुरुस्तीत तोडला असावा. हे वाचून मी खुर्चीत बसूनच राहिले. नोटिशीत हे नव्हतं. ऑर्डरमध्ये नव्हतं. सुनावणीत कुणी विचारलं नाही. बोल्टवरचा रंग बघायला एकही माणूस पंप रूममध्ये उतरला नाही आणि "असावा" म्हणून आमच्यावर ढकललं. आमच्या वकिलांनी मला एक जुना खटला सांगितला, तो मला फार पटला म्हणून लिहिते. मुंबईच्या पोलीस कमिशनरांनी अंधेरीत थिएटर बांधायला एकाला परवानगी दिली आणि १९४७ मध्येच ती काढून घेतली. तो माणूस, गोरधनदास भानजी, कोर्टात गेला. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टात न्या. व्हिव्हियन बोस, आपल्या नागपूर हायकोर्टाचे आधीचे चीफ जस्टिस, यांनी सांगितलं की अधिकाऱ्याचा जाहीर हुकूम त्यात जे लिहिलंय त्यावरूनच वाचायचा, माझ्या मनात हे होतं, मला असं म्हणायचं होतं, ही नंतरची स्पष्टीकरणं त्याला जोडायची नाहीत. पुढे मोहिंदरसिंग गिल खटल्यात पाच न्यायाधीशांनी तेच उचलून धरलं, हुकुमात नसलेली कारणं नंतर प्रतिज्ञापत्रातून भरता येत नाहीत. एका थिएटरच्या परवानगीत जी गोष्ट ७० वर्षांपूर्वी ठरली ती ५६ घरांना लागू व्हायला नको का?

पाचवी, आणि ही फक्त आमची नाही. दर जानेवारीत आणि जुलैत सोसायटीने लायसन्सवाल्या एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म बी द्यायचा असतो, यंत्रणा चालू स्थितीत आहे म्हणून. आम्ही २०१६ पासून सोळा वेळा दिला. सोळा वेळा शासनाचं लायसन्स असलेल्या एजन्सीच्या माणसाने सही-शिक्का मारला की सगळं सुस्थितीत. तो पंप रूमपर्यंत जायचा की नाही देव जाणे, आमच्या ऑफिसात चहा घेऊन, सिलिंडरवर नवी तारीख चिकटवून जायचा. ते सोळा फॉर्म तुमच्या विभागाने स्वीकारले, एकदाही कुणी येऊन बघितलं नाही. अशा किती इमारती असतील शहरात? जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा तान्ही बाळं गेली, त्यानंतर राज्यभर हॉस्पिटलांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरार, नोव्हेंबरमध्ये नगरचं सिव्हिल, दोन्हीकडे आयसीयूतच आग. कागद भरायला आदेश पुरतो. पाणी येतंय का हे मात्र व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय कळत नाही.

आमची चूक पण लिहिते, नाहीतर हे पत्र खरं होणार नाही. सोळा फॉर्मांपैकी शेवटच्या पाचांवर सेक्रेटरी म्हणून माझी सही आहे. मी एकदाही म्हटलं नाही की चला, वर जाऊन व्हॉल्व्ह उघडून दाखवा. पॅसेजमधले चपलांचे स्टँड, जुन्या गाद्या, सायकली याबद्दल आम्ही सर्क्युलर काढायचो आणि कुणी ऐकलं नाही की गप्प बसायचो, शेजाऱ्याशी भांडण नको म्हणून. त्या सहा त्रुटी आमच्या होत्या. त्या आम्ही पहिल्या महिन्यातच दूर केल्या, पॅसेज आता मोकळे आहेत, आणि कुणी सामान ठेवलं तर त्याच दिवशी उचललं जातं. तुमच्या नोटिशीतला तेवढा भाग बरोबर होता आणि त्याबद्दल आम्ही अपिलात एक ओळही लिहिलेली नाही.

बाकीच्यात आमच्या हातात होतं तेवढंही केलं. घरटी ३८,००० रुपये काढले, ५६ घरांचे २१ लाख २८ हजार. काय काय करून काढले ते मला माहितीये, पाचव्या मजल्यावरच्या ताईंनी बांगडी मोडली, दोघांनी पतपेढीतून कर्ज घेतलं. पंचांसमोर व्हिडिओ काढून ती दोन झाकणं उघडली, पाइप जोडला, डक्ट प्रत्येक मजल्यावर बंद केलं, अलार्म पॅनल बदललं. उरलेल्या पाच गोष्टी आमच्या हातातल्याच नाहीत, रेफ्युज एरिया विकत घेतलेल्या माणसाकडे कागद आहे, भिंत बिल्डरच्या प्लॉटवर आहे, बाकीच्या तिघांना नगररचना विभागाची परवानगी लागते. आम्ही हातोडा घेऊन भिंत पाडायची का? ते अधिकार तुमच्याकडे आहेत, तुम्ही ते आमच्यावर वापरताय.

म्हणून आमच्या मागण्या, साध्या आहेत.

ती दोन ओळींची ऑर्डर स्वतःहून मागे घ्या आणि अपील नव्याने ऐका, आमच्या ११ मुद्द्यांवर एकेक करून लिहून द्या, कुठला मान्य, कुठला अमान्य आणि का. कोर्टाने सांगेपर्यंत थांबायची गरज नाही. आमच्या बाजूने निकाल द्या असं म्हणत नाही, कारण द्या म्हणतोय.

सुनावणी निम्मी तरी पंप रूममध्ये घ्या. बिल्डर, २०१३ ची एजन्सी, तुमचा अधिकारी आणि आम्ही, चौघांसमोर संयुक्त पाहणी आणि जागेवर पंचनामा.

मूळ बांधकामातल्या त्रुटींसाठी बिल्डरला नोटीस काढा आणि त्या दूर होईपर्यंत त्याच्या पुढच्या इमारतींची फायनल एनओसी तपासल्याशिवाय देऊ नका. त्या टॉवरमध्ये आत्ता बुकिंग चालू आहे साहेब, लोक येऊन सॅम्पल फ्लॅट बघताहेत, त्यांच्यातल्या एकालाही पंप रूम दाखवत नसणार.

यापुढे फायनल एनओसी देताना सगळ्यात वरच्या मजल्यावर पाणी काढून, प्रेशर लिहून, व्हिडिओ करून, घर घेणाऱ्यांपैकी दोघांच्या सह्या घेऊन द्या, आणि तो रिपोर्ट आणि मंजूर फायर नकाशा वेबसाइटवर टाका म्हणजे अकरा वर्षांनी आढळून येत नाही असं होणार नाही. फॉर्म बी येतात त्यातले काही दर सहामाहीला अचानक जाऊन तपासा, खोटा निघाला तर एजन्सीचं लायसन्स रद्द करायची शिफारस करा.

२०१३ ची फाइल शोधा, आणि नसेल सापडत तर ती हरवल्याची जबाबदारी ठरवून तसं लेखी द्या.

याचिका चालू आहे तोवर बिनपगारी कमिटी मेंबरांवर खटल्याची आणि पाणी-वीज तोडायची धमकी नको. कमिटीत यायला आता आमच्याकडे कुणी तयार नाही. पुढची निवडणूक लागली तर फॉर्म भरायला मी एकटी असेन असं दिसतंय.

आणि त्या जाहीर यादीत आमच्या नावापुढे जे खरं आहे ते छापा, १२ कामं पूर्ण, ५ न्यायप्रविष्ट. तेवढ्याच ठळक अक्षरात, त्याच पेपरात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या मुलीचं लग्न डिसेंबरात आहे.

कोर्टाची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. तोवर दर शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही पंप चालवतो, पाचव्या, दहाव्या आणि चौदाव्या मजल्यावर व्हॉल्व्ह उघडतो आणि गेजचं रीडिंग वहीत लिहितो. पाणी येतं. काढलेली दोन्ही झाकणं बोल्टसकट पंचांच्या सह्यांनी सील करून सोसायटीच्या ऑफिसात कपाटात ठेवलीत, बोल्टवर तो रंग अजून तसाच आहे. पंप रूमची चावी वॉचमनकडे असते, आधी फोन करायचीही गरज नाही.

आपली,
सेक्रेटरी, यादीतल्या सातव्या नंबरची सोसायटी